तिरपा टाईप, पिवळं कार्ड

२६ जानेवारी १९८३, बुधवार

ही वही माझ्या बायकोच्या, पार्वतीच्या तोंडामुळं सुरू झाली. काल रात्रीच्या भाकरीवर मी पुन्हा भडकलो, तेव्हा ती म्हणाली, "अवं, तुमाला बोलायचंच आसंल तर त्या वहीत बोला. आमचे कान किटले."

वही म्हणजे डायरी. वीरण्णांच्या छापखान्यानं यंदा काढली, पहिल्या पानावर ठळक 'जिल्हा लातूर'. एकूण एक पान मी जुळवलंय. आणि मला मिळाली ती कोणती? शिवण उसवलेली.

मी नरसिंग. वय सत्तेचाळीस. एकवीस वर्षं झाली, वीरण्णांच्या छापखान्यात शिशाचे खिळे उचलून ओळीत बसवतो, म्हणजे कंपोझिटर. दहावी नापास, पण शुद्धलेखनात या गावातल्या कुठल्याही मास्तरला खाली बसवीन.

आज राग कशाचा ते लिहितो. सकाळी मैदानावर झेंडावंदन. नवीन जिल्ह्याचं पहिलंच. पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून मैदानभर टँकरनं पाणी मारलं. टँकरनं! आमच्या गल्लीत नळाला नऊ दिवस थेंब नाही. मी तिथंच मोठ्यानं बोललो, तर शेजारचा म्हणतो, "जाऊ द्या हो मामा, सणाचा दिवस हाय." सण म्हणे.

चांगलं एकच. माझ्या लेकीचं, भीमाचं जमत आलंय. मुलगा नांदेडचा, शाळेवर आहे. बोलणी उरलीत थोडी. दिवाळीत धुरपताअक्का आली होती, माझी थोरली बहीण, रेणापूरच्या पलीकडं माळवस्तीवर असते. तिला मी एका व्यापाऱ्याची पत्रिका दाखवली, आमच्याच छापखान्यातली, तिरप्या टायपातली. म्हणालो, अक्का, आपल्या भीमाची पत्रिका याच अक्षरात काढणार. अक्काला वाचता येत नाही. तिनं कार्डावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही अक्षरं कुठंतरी निघालीत बग. चालायलेत." मग म्हणाली, "आता कुठंबी दिसू दे, मी वळखीन."

३ फेब्रुवारी, गुरुवार

हातांना शिशाचा वास, जात नाही.

नवीन जिल्हा म्हणजे आम्हाला निस्ती हमाली. जुन्या सगळ्या कागदांवर 'उस्मानाबाद' आहे, ते काढून 'लातूर' करायचं. पावत्या, फॉर्म, लिफाफे, रजिस्टरांची डोकी. आमचा सगळा चांगला काळा सरळ टाईप त्या फॉर्मांत बांधून पडलाय. सोडायचा नाही, कारण पुन्हा ऑर्डर येणार. दुसरं काही लावायचं म्हटलं तर खण रिकामे.

भरलेला आहे फक्त तिरपा. दुष्काळात लग्नं कोण करतंय! ज्यांची ठरली होती त्यांनीही पुढं ढकलली. पत्रिकांच्या पिवळ्या कार्डांचे गठ्ठे माळ्यावर तसेच.

आज जेवणाच्या सुट्टीत मी त्या टायपाची केस, म्हणजे खिळ्यांची खणाखणांची पेटी, पुसून काढली. पुण्याहून आणलेला, चोवीस आणि छत्तीस पॉइंटात. उजवीकडं कललेला, पण पडेल असा नाही. उभी रेघ जाड, आडवी बारीक, काना खाली येता येता टोकदार होतो आणि पायाशी छोटं वळण घेतो. वेलांटी खिळ्याच्या बाहेर लोंबते, म्हणून जोरात दाबलं की तुटते. त्याला हलक्या हाताचा माणूस लागतो. लातुरात तो एकच आहे, आणि हे मी घमेंडीनं लिहितोय.

मला शिकवलं मलप्पा फोरमननं. ते आता नाहीत. त्यांचा एकच हुकूम असायचा, "नरसिंगा, ह्यो टाईप नावाला लाव. वधूचं नाव, वराचं नाव, वर 'शुभविवाह'. मजकुराला लावू नको. मजकूर सरळच पायजे, माणसानं वाचायचा असतोय."

एकवीस वर्षांत या टायपात मी शेकड्यांनी पत्रिका लावल्या. सगळ्या पेठेतल्या. आमच्यातलं कुणी पत्रिका घेऊन आलं की वीरण्णा जुन्या सरळ टायपाकडं बोट करतात. "तुमच्याला हेच शोभतं." शिवी नाही, काही नाही, अगदी गोड आवाजात. तोच आवाज माझ्या डोक्यात जातो. आमच्या एकाही माणसाचं नाव त्या अक्षरात माझ्या हातून निघालेलं नाही. भीमाचं निघेल. नाही दिला टाईप तर केस घेऊन पळून जाईन.

९ फेब्रुवारी, बुधवार

आज भांडलो आणि जिंकलो.

पाण्याचं काम बघणाऱ्या ऑफिसातून एक कारकून आला. रेणापूरच्या बाजूच्या चौऱ्याहत्तर वस्त्यांना सूचना द्यायची आहे. मजकूर साधा. ज्या वस्तीला टँकर पाहिजे, त्या वस्तीतल्या एका तरी माणसानं २५ फेब्रुवारीपर्यंत लातूरच्या ऑफिसात येऊन अर्जावर सही किंवा अंगठा द्यावा. मुदतीनंतर विचार होणार नाही. परवा पाहिजे. कागद ऑफिसकडं नाही, तो छापखान्यानंच बघावा.

वीरण्णा म्हणाले, "माळ्यावरची पिवळी कार्डं काढ, कापून घे. अन् तो घासलेला सोळा पॉइंट काळा लाव."

मी म्हणालो, "अण्णा, तो टाईप नाही, खडे आहेत. त्यातला 'प' कुठला अन् 'ष' कुठला हे मलाच कळत नाही."

"वाचता येतंय की."

"मला लाज वाटती तो छापायला."

"मग काय लावतोस?"

"तिरपा लावतो. रिकामाच पडलाय."

ते हसले. "टँकरची नोटीस तिरप्यात? यडा झालास काय?"

मला चढला राग. म्हणालो, "का? वस्तीवरच्या लोकांनी चांगलं अक्षर बघूच नाही का? त्यांच्या दारात कायम घासलेलंच जायचं?" पायानं चालणारं ट्रेडल मशीन थांबलं होतं, सगळे ऐकत होते. वीरण्णांना तेवढ्यात एका व्यापाऱ्यानं हाक मारली. जाता जाता म्हणाले, "कर बाबा काय करायचं ते. परवा दुपारी तयार पायजे."

केलं. डोक्यावर छत्तीस पॉइंटात 'जाहीर विनंती'. खाली सगळा मजकूर चोवीसमधे. र्‍हस्व वेलांट्या पुरल्या नाहीत, तीन ठिकाणी वाक्य फिरवून घेतलं. चारी बाजूंनी बारीक वेलबुट्टी. माळवस्तीही त्या चौऱ्याहत्तरात आहे. अक्काच्या हातात हे अक्षर जाईल.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

छापून झालं. एकही वेलांटी तुटली नाही.

कारकुनानं गठ्ठा उचलून पाहिला. मला वाटलं काही बोलेल. म्हणाला, "शाई वाळलीय ना?" बस्स. प्रूफ वाचलंच नाही त्यानं. अशा माणसांच्या हातात जिल्हा दिलाय.

एक प्रत मी इथं वहीत ठेवली आहे. कुणीही बघावं आणि सांगावं, लातुरात असं काम दुसरा कोण करतो.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

हापशावर दोन बायकांची डोकी फुटली. पार्वतीची घागर गेली. शेजारी नवीन भाडेकरू आलेत, उदगीरचे, नवरा नव्या ऑफिसात शिपाई. बाई सरजाबाई. ती आपल्या घागरी कुलपात ठेवते. मी म्हणालो, बाई, पाणी आहे का सोनं? म्हणाली, "भाऊ, सोन्याला कोण इचारतंय आता?" बरोबर बोलली, म्हणून आणखी राग आला.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

विचित्र प्रकार. संध्याकाळी कामावरून आलो तर दाराच्या कडीला फडक्यात बांधून एक खण आणि नारळ लटकवलेला. पार्वती आणि भीमा दिवसभर हापशावर होत्या, घर बंद.

सरजाबाईला विचारलं. म्हणाली, "आठनऊ म्हातारी माणसं आलती. चांगली लुगडी नेसून. मला इचारलं, लग्नाचं घर कुठाय, मांडव कुठाय. मी म्हणलं, हितं कुणाचं लगीन न्हाई. मग बसली पायरीवर, बसली, अन् गेली तीनच्या एसटीला."

"पाणी मागितलं का?"

ती दुसरीकडं बघायला लागली. "मागितलं आसंल. मला वाटलं, पाण्यासाठीच लग्नाचं सोंग आणलंय. मी घागरी आत घेतल्या."

कुठल्या तरी लग्नाचं वऱ्हाड गल्ली चुकलं आणि आहेर भलत्याच कडीला बांधून गेलं. लोकांना काय म्हणावं! पत्रिकेवर पत्ता छापलेला असतो. आम्ही डोळे फोडून एकेक खिळा बसवायचा आणि यांनी वाचायचं नाही. वाचता येत नाही तर कुणाला विचारून तरी निघावं.

पार्वती खण हातात घेऊन म्हणाली, "हिरवा हाय. अक्काच्या आवडीचा रंग."

मी म्हणालो, "जगात हिरवा खण काय एकटी अक्काच घेते?"

२७ फेब्रुवारी, रविवार

आहेराला कुणी आलं नाही. नारळ फोडला, चटणी केली. खण पार्वतीनं पेटीत ठेवलाय.

८ मार्च, मंगळवार

तो कारकून लिफाफ्यांसाठी आला होता. मी विचारलं, टँकरचं काय झालं? म्हणाला, "चौऱ्याहत्तरमधून अकरा वस्त्या आल्या. बाकीच्यांना गरज नसेल. साहेबांनी वर कळवलं, या भागात टंचाई फारशी नाही."

माझ्या अंगाची आग झाली. त्रेसष्ट वस्त्या! घरपोच कागद दिला, सोन्यासारख्या अक्षरात दिला, फक्त यायचं आणि अंगठा टेकवायचा, तेही होत नाही यांच्यानं? बाबासाहेब शिका म्हणून सांगून गेले, आणि आमची माणसं अजून पारावर बसून आभाळाकडं बघतात. मी कारकुनासमोरच बोललो हे सगळं. त्याला फार पटलं. त्याला पटलं म्हणून मला नंतर बरं वाटेना.

माळवस्ती त्या अकरात असणारच. अक्का हुशार आहे. पण दिवाळीपासून तिचा निरोप नाही. भीमाचं पक्कं झालं हे मी एसटीवाल्याबरोबर कळवलं, त्यालाही उत्तर नाही. भाचीचं लग्न ठरलं तरी हूं नाही का चूं नाही. म्हाताऱ्या माणसांना कशाचा ताठा असतो कळत नाही. रविवारी जाऊन झापतो तिला.

२० मार्च, रविवार

मागचा रविवारही कामात गेला. आज गेलो. आता घरी येऊन लिहितोय. सगळं लिहिणार आहे, जसं झालं तसं.

रेणापूरला उतरून तासभर चाललो. वस्तीवर शुकशुकाट. तरणी माणसं दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलीत, लेकरंबाळं घेऊन. मागं म्हातारी माणसं आणि चार-दोन शेरडं. मला हे माहीत होतं. दर वर्षी जातात. मला माहीत होतं आणि छापताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की कागद वाचणारं तिथं कुणीच नाही.

अक्का ओसरीवर बसली होती. तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी 'जय भीम अक्का' म्हणालो. तिनं मान वळवली.

मी म्हणालो, "काय झालं हाताला?"

"दोर." मग, "खाणीतलं पाणी काढताव. लई खोल हाय."

"टँकर येत नाही?"

"कसला टँकर?"

मी म्हणालो, "कागद आला नाही का वस्तीवर? अर्ज कुणी दिला नाही?"

ती हातावरच्या चिंध्या आवळत बसली. शेजारचे रामकिशनआबा काठी टेकत आले आणि माझ्याकडं पाठ करून बसले. मला कळेना. मग अक्कानं सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "लगीन कसं झालं?"

"कुणाचं?"

"कुणाचं इचारतोय! भीमाचं. तुज्या लेकीचं."

मी म्हणालो, "अक्का, लग्न व्हायचंय अजून. तुला सांगायलाच आलोय."

"खोटं नगं बोलू." ती उठली, आत गेली. मी मागोमाग गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. फोटोच्या चौकटीत खोचलेलं पिवळं कार्ड. माझं कार्ड. तिरपी अक्षरं, वेलबुट्टी, सगळं जिथल्या तिथं. खाली फुलं वाळून पडलेली.

"ग्यानोबा कोतवाल सायकलवर आला," अक्का बोलायला लागली आणि मग थांबलीच नाही. "दारात टाकून गेला. म्हणला, पंचवीस तारीख, लातूरला जायचंय, इसरू नका. मी कारड बगितलं. तीच अक्षरं. चालायलेली. मी सगळ्यांना सांगितलं, माज्या भावाच्या पोरीची पत्रिका आली, त्यानं म्हणल्यापरमाणं केलं. पण मला लई लागलं बग. थोरली बहीण जित्ती हाय, अन् पत्रिका कोतवालाच्या हातानं? सवता यायचं न्हाई? तरी म्हणलं, जाऊ. लेकराचं लगीन हाय. पंचवीसला आमी नऊ जण आलो. रामकिशनला पायानं चालवत न्हाई, तरी आला. तुज्या दाराला कुलूप. मांडव न्हाई, माणूस न्हाई. बाजूची बाई घोटभर पाणी देईना. मी म्हणलं, भावानं दुसरीकडं मांडव घातला, आपल्याला टाळलं. खण बांदला अन् आलो."

पंचवीस तारखेला. शेवटच्या दिवशी. नऊ माणसं लातुरात होती, ऑफिसपासून पाव मैलावर, माझ्या पायरीवर बसून होती. एकानं अंगठा दिला असता तर टँकर आला असता. कोतवालानं सांगितलं तसं ती लातूरला आली. तारीखही चुकली नाही.

मी कार्ड काढून मोठ्यानं वाचलं. "ज्या वस्तीला टँकर पाहिजे..." रामकिशनआबा दारात येऊन उभे राहिले. आणखी दोन म्हाताऱ्या आल्या. शेवटपर्यंत वाचलं.

मग अक्का म्हणाली, "हे एवढंच व्हतं? मग तू सवता येऊन तोंडानं का न्हाई सांगितलंस?"

मी तिच्यावर ओरडलो. लिहायला लाज वाटते पण ओरडलो. म्हणालो, कुणाकडून तरी वाचून घ्यायचं ना! अक्काही ओरडली, "कुणाकडनं? शेरडाकडनं? लग्नाच्या अक्षरात लिवलंय तर आमी लगीनच समजणार! दुष्काळाचा कागद कदी असा नटून येतो का रं?"

मी कार्ड फाडायला गेलो, तिनं हात धरला. चिंध्या बांधलेला हात. "फाडायचं न्हाई."

"मग दे. ऑफिसात दाखवायला पायजे."

"परत आणून दे. खरी आसू नाही तर खोटी, माज्या भाचीची पत्रिका म्हणून मी म्हयनाभर ठेवलीय."

२१ मार्च, सोमवार

वीरण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"गप बस," म्हणाले. "लोकांनी वाचलं न्हाई, आपण काय करायचं? तू ऑफिसात जाऊन असं बोललास तर जिल्ह्याचं सगळं काम जाईल. सात माणसं जेवतात ह्या कामावर. तू पण."

"कार्ड तुम्ही दिलं होतं अण्णा."

"अन् टाईप कुणी लावला? मी काळा लाव म्हणालो होतो का न्हाई? सगळ्यांसमोर म्हणालो होतो."

म्हणाले होते. तेच तर जळतंय. त्या माणसाची एकवीस वर्षांतली एकच गोष्ट बरोबर निघावी, आणि तीही ही. मलप्पांनीही सांगितलं होतं. मीच शहाणा. मी म्हणत होतो, वस्तीला चांगलं अक्षर मिळालं पाहिजे. कुणासाठी? वस्तीसाठी? माझं काम चौऱ्याहत्तर ठिकाणी दिसावं म्हणून लावलं मी ते. मनातल्या मनात वीरण्णांना दाखवत होतो. आणि अक्का खाणीत दोर सोडत होती.

त्यानंतर दिवसभर कुणाशी बोललो नाही. पार्वती म्हणाली, "आज वरडा तरी. असं गप बसलाव तर भ्याव वाटतं."

२२ मार्च, मंगळवार

गेलो ऑफिसात.

कारकुनाला वाटलं मी गंमत करतोय. "नऊ माणसं मुदतीच्या दिवशी लातूरला आली, आणि आमच्याकडं आली नाहीत?"

"हाव. लग्नाला आली होती."

"कुणाच्या?"

मी पिवळं कार्ड त्याच्यापुढं टाकलं. "याच्या. लांब धरा आणि सांगा, काय दिसतं."

त्यानं लांब धरलं. बराच वेळ धरलं. तोंडावरचं हसू गेलं. मग सावध झाला, म्हणाला, "म्हणजे चूक छापखान्याची."

"माझी. आणि न वाचता गठ्ठा उचलणाऱ्याची. पण तुमचं तुम्ही बघा, माझं मी लिहून देतो."

लिहून दिलं. टाईप मी निवडला, मालकांनी दुसरा सांगितला होता, या अक्षरामुळं लोकांना ती लग्नपत्रिका वाटली, टंचाई नाही असं यातून धरू नये, मुदत पुन्हा द्यावी. खाली सही. कारकुनानं कार्ड टाचणीनं अर्जाला लावलं. मी म्हणालो, ते परत पाहिजे. म्हणाला, आता ते फायलीत गेलं.

टेबलावर हात आपटला मी. काही उपयोग झाला नाही. शिपायानं बाहेर काढलं. तो सरजाबाईचा नवरा. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "भाऊ, पार्वतीबाईंकडनं कळल्यापासनं बायको दोन दिवस जेवना. त्या म्हातारीला पाणी दिलं न्हाई म्हणून."

संध्याकाळी वीरण्णांनी हिशेब मिटवला. एकच वाक्य बोलले, "पोटावर पाय दिलास." खरं आहे, आणि तरी मला त्यांचा रागच आला.

१२ एप्रिल, मंगळवार

आठ दिवसांची मुदत वाढली. दुसरी सूचना दुसऱ्या छापखान्यात छापली, ठसठशीत काळ्या सरळ अक्षरात, पांढऱ्या कागदावर. दिसायला भिकार. कोतवालांना दवंडी द्यायला लावली. उरलेल्या त्रेसष्टांतल्या साठ वस्त्या आल्या. माळवस्तीचा अंगठा अक्कानं स्वतः दिला. मी ऑफिसच्या दाराशी उभा होतो, ती माझ्याकडं न बघता अंगावरून गेली.

काल पहिला टँकर पोचला म्हणे. ज्या तीन वस्त्या आल्या नाहीत, त्यांची नावं मी लिहून घेतलीत. उद्या पायी जातो. आता मला कामही नाही.

२ मे, सोमवार

नांदेडला एका छापखान्यात जागा मिळाली, लग्नानंतर जायचं. लग्न पंधराला.

माझी खिळे जुळवायची स्टिक आणि चिमटा आणायला वीरण्णांकडं गेलो. जिल्ह्याचं काम त्यांच्याकडून गेलंच. मला बघून उठले. मग केसकडं बोट केलं. "भीमाची पत्रिका लाव. तिरप्यात. लावून जा."

एकवीस वर्षं वाट बघितली या वाक्याची. स्टिकमधे छत्तीस पॉइंटात 'भीमा' लावलं. दोनच अक्षरं. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. टायपाचा काही दोष नाही. मग खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकले आणि म्हणालो, "अण्णा, मी तोंडानं बोलावणार आहे. तुम्हीपण या."

भीमा भडकली माझ्यावर. "मैत्रिणींना काय दाखवू आबा? साधी एक पत्रिका न्हाई माझ्या लग्नाला?" ताट ढकलून उठली. माझ्याच घरची आहे.

१६ मे, सोमवार

लग्न झालं.

बोलवायला मी घरोघर गेलो होतो, नांदेडपासून रेणापूरपर्यंत. माळवस्तीवर दोनदा गेलो. पहिल्यांदा अक्कानं दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, "ऐकलं. जा आता."

काल सकाळी मांडवाच्या दारात टेम्पो थांबला. ऊसतोडीहून परतलेली तरणी माणसं, रामकिशनआबा, अख्खी वस्ती. अक्का सगळ्यात शेवटी उतरली, तेच चांगलं लुगडं. तळहातांवर पांढरे वण. सरजाबाई तांब्या घेऊन पुढं धावली. अक्कानं तिच्याकडं बघितलं आणि पुरा तांब्या सावकाश प्याली, तिला तिथंच उभं ठेवून. मग तांब्या पुढं केला. "आणखी आण."

मला म्हणाली, "माजी पत्रिका?"

मी म्हणालो, "ऑफिसात फायलीत आहे. चारदा मागितली. देत नाहीत."

"नारळ?"

"खाल्ला. चटणी केली."

"आन् खण?"

पार्वतीनं पेटीतून आणून दिला. घडी मोडलेली नव्हती. अक्कानं तो उलटासुलटा करून बघितला, आत गेली आणि भीमाच्या पदरात घातला. बाहेर येताना माझ्याजवळ थांबली.

"राग गेला न्हाई माजा," म्हणाली. "पण सवता आलास, म्हणून आले."